पावसात फुगलेलं किचन आणि गावपळणीतले दोन टोप

आज शेवटी ते कपाट बाहेर काढलं. म्हणजे कपाटाचं जे काय उरलं होतं ते. उचलायला खाली हात घातला तर चहात बुडवून विसरलेल्या बिस्किटासारखा त्याचा कोपरा हातातच आला, नवरा म्हणाला हळू हळू, मी म्हटलं आता हळू करून काय उपयोग, आणि सासूबाई पडवीतून सगळं बघत होत्या पण एक शब्द बोलल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण. कारण चार वर्षांपूर्वी हेच कपाट टेम्पोतून उतरत होतं तेव्हा त्यांनी फक्त एवढंच विचारलं होतं, "गो, ह्या पावसाक टिकतला मां?" आणि मी ठासून हो म्हटलं होतं.

आमचं घर आचऱ्याला, मालवण तालुक्यात. समुद्र चालत दहा मिनिटांवर, चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, पुढे खळं आणि मागीलदारी विहीर. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये डोंबिवलीहून चार महिन्यांसाठी म्हणून आलो आणि राहिलोच. वन बीएचकेत पंधरा वर्षं काढलेल्या बाईला अचानक एवढं मोठं घर मिळालं की तिचं काय होतं ते मी सांगू शकते. मी रात्र रात्र मोबाईलवर घरं बघायचे. पांढऱ्या भिंती, बेज डबे, एका कोपऱ्यात एकच फुलदाणी आणि त्यात वाळलेलं गवत. मिनिमल म्हणे. पण गंमत अशी की ते मिनिमल घर करण्यासाठी मी जेवढी खरेदी केली तेवढी आयुष्यात कधी केली नव्हती. २४ काचेच्या बरण्याच मागवल्या होत्या, सगळ्या एकसारख्या, वर बांबूची झाकणं. जुलैत त्या झाकणांवर हिरवी मऊ बुरशी आली, अगदी मखमलीसारखी, फोटो काढला असता तर तोही चांगला आला असता.

किचन एप्रिल २०२१ मध्ये पूर्ण झालं. १,८०,००० रुपये. ज्याच्याकडून करून घेतलं त्याने सांगितलं वॉटरप्रूफ आहे, आणि मी विचारलं नाही कुठलं बोर्ड, कुठला ग्रेड, काहीच नाही, फक्त शटरचा रंग निवडला. पुढच्याच महिन्यात, १६ मेला तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्यावरून गेलं. निम्मी कौलं उडाली, माडाची एक झावळ थेट किचनमध्ये, आठवडाभर लाईट नाही, आणि त्या नव्या कोऱ्या ट्रॉल्यांवर रात्रभर पाऊस. मग मी सगळं खापर वादळावर फोडलं. पण खरं सांगायचं तर वादळाने फक्त लवकर केलं, जे जून-जुलैत आपोआप झालंच असतं.

कारण ते एमडीएफ होतं. लाकडाचे बारीक तंतू रेझिनमध्ये कालवून दाबलेली पाटी. कोरड्या गावात छान टिकते, माझ्या नणंदेकडे साताऱ्याला बारा वर्षं आहे, काही झालं नाही. पण ते तंतू पाणी पितात आणि एकदा फुगले की वाळल्यावर परत बसत नाहीत. आमच्याकडे चार महिन्यांत ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि पाऊस थांबला तरी हवा एवढी ओली की मिठाच्या डब्यात पाणी सुटतं, दोरीवरचे कपडे तिसऱ्या दिवशी वास मारायला लागतात. तिथे ही पाटी ठेवायची म्हणजे विहिरीच्या काठावर पापड वाळत घालण्यासारखं. नंतर एका सुताराने सांगितलं, प्लायच घ्यायचं तर त्यावर आयएस ७१० चा शिक्का बघायचा, मरीन प्लाय, ते चाचणीत ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवतात आणि तरी थर सुटत नाहीत. शिक्का बघायला दोन सेकंद लागतात. मी ते दोन सेकंद शटरच्या रंगाला दिले.

बिजागऱ्यांची तीच गोष्ट. स्टीलच्या आहेत म्हणाला, होत्याही, पण स्टील स्टीलमध्ये फरक. २०२ नंबरचं स्टील स्वस्त कारण त्यात निकेल कमी आणि मँगनीज जास्त, खाऱ्या हवेत त्याला वर्षभरात तपकिरी ठिपके येतात. ३०४ बरं, आणि अगदी समुद्राला लागून घर असेल तर ३१६, त्यात मॉलिब्डेनम असतं म्हणून मीठ त्याला लवकर खात नाही. लोक सांगतात लोहचुंबक लावून बघा, चिकटलं नाही की चांगलं, पण २०२ पण चिकटत नाही आणि ३०४ पण नाही, मग काय कळणार. बिलावर ग्रेड लिहून घ्यायचा हाच उपाय. मालवणच्या समुद्रात १६६४ ला पायाभरणी झालेला सिंधुदुर्ग किल्ला अजून लाटा खातोय आणि माझी बिजागरी दोन पावसाळे नाही टिकली, हे मी नवऱ्याला म्हटलं तर तो म्हणाला महाराजांनी कोटेशन नीट वाचलं असेल.

भिंतींचं तर विचारूच नका. चिऱ्याच्या भिंतीवर मी पुट्टी मारली, वर टेक्स्चर पेंट. चिरा म्हणजे जांभा, खाणीतून काढताना बऱ्यापैकी मऊ असतो म्हणून तासता येतो आणि हवा लागली की घट्ट होत जातो. (इंग्रजांच्या काळात बुकानन नावाच्या माणसाने मलबारात हा दगड विटांसारखा कापताना बघितला आणि १८०७ मध्ये आपल्या पुस्तकात लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून त्याचं लॅटेराइट नाव ठेवलं, हे मला नववीत शिकवलं असतं तर भूगोलात बरे मार्क पडले असते.) तर हा दगड सगळा भोकाभोकांचा. पावसात ओल आत घेतो आणि ऊन पडलं की सोडतो. आधी त्यावर चुना असायचा, चुन्यातून ती ओल बाहेर जाते आणि चुन्यावर बुरशीही सहसा धरत नाही. मी त्यावर प्लास्टिकचा रेनकोट घातला. ओल आत कोंडली, ऑगस्टपर्यंत भिंतीला पुऱ्यांसारखे फुगे, बोटाने दाबलं की फुस्स. मग माणूस लावून सगळं खरवडलं, त्याचे पैसे वेगळे, आणि कळीचा चुना आणून भिजवला आणि थोडी नीळ घालून तीन हात मारले. दरवर्षी दिवाळीआधी एक हात मारावा लागतो. लागतो तर लागतो.

फॉल्स सीलिंगपण केलं होतं, पीव्हीसीचं. त्यावर मांजर व्याली. एवढंच लिहिते. नाही, अजून एक, कारण ते महत्त्वाचं आहे. कौलारू घरात कौल फुटलं की खाली थेंब पडतो, थेंब पडला की आपण वर बघतो, काठीने कौल सरकवतो किंवा बदलतो, काम झालं. सीलिंग घातल्यावर थेंब दिसायचा बंद झाला. गळत होतंच, फक्त आम्हाला दिसत नव्हतं, आणि एक दिवस जेवताना वरचा पत्रा पोट सुटल्यासारखा खाली आला आणि बादलीभर काळं पाणी थेट कढीत.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल की मी आता जुनं ते सोनं म्हणणार. अजिबात नाही. मला शेणाने सारवता येत नाही आणि शिकायचंही नाही. जी माणसं दोन दिवस सुट्टीला येऊन सारवलेल्या जमिनीचं कौतुक करतात त्यांनी एकदा गुडघ्यावर बसून अख्खं माजघर सारवून बघावं, आणि मग दर आठवड्याला परत. आईंचे, म्हणजे सासूबाईंचे, गुडघे त्यातच गेले. आम्ही लाल कोबा केला, सिमेंटात लाल रंग घालून घोटलेला. पण त्यातही मी यावेळी गवंड्याच्या मानगुटीवर बसले, कारण कोबा कोण घोटतो यावर सगळं आहे, घाई केली की भेगा पडतात. आठ दिवस रोज त्यावर पाणी मारलं, कुणाला पाय ठेवू दिला नाही, मागीलदाराने ये-जा. आता नारळाच्या सोडणाने घासला की आरशासारखा चमकतो आणि दुपारी त्यावर चटई न घालता आडवं पडलं की पाठीला जो गारवा लागतो त्याला तोड नाही.

जुन्यातलं मी ठेवलं ते फडताळ. माजघराच्या भिंतीतलं, फणसाच्या लाकडाचं, सासऱ्यांच्या वडिलांनी घरच्याच झाडाचं करून घेतलेलं. फणसाचं लाकूड ताजं असताना पिवळंधमक असतं आणि वर्षं जातील तसं मधासारखं गडद होत जातं, वाळवी त्याच्या सहसा वाटेला जात नाही. त्याला पॉलिश नाही, दाराला साधी लाकडी खिट्टी. ते मी २०२१ मध्ये काढून टाकणार होते, जुनाट दिसतं म्हणून. आई तेव्हा फक्त म्हणाल्या, "ऱ्हवांदे ता, माझे डबे खंय ठेवू?" म्हणून राहिलं. तौक्तेच्या रात्री तेही भिजलंच होतं. दुसऱ्या दिवशी दारं उघडी टाकली, चार दिवसांत वाळलं, खिट्टी परत बसली. तेव्हा मला काही कळलं नाही. कळायला गावपळण यावी लागली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आमच्या गावात दर तीन-चार-पाच वर्षांनी ग्रामदैवत रामेश्वराचा कौल, म्हणजे देवाची परवानगी, झाला की गावपळण होते. सगळा गाव घरदार सोडून गुरंढोरं, कोंबड्या, कुत्री-मांजरं घेऊन वेशीबाहेर जातो आणि तीन दिवस तीन रात्री झोपड्या-राहुट्या बांधून राहतो. मग परत कौल घ्यायचा आणि देवाने हो म्हटलं की घरी. मुंबईचे चाकरमानीपण रजा काढून येतात. का करतात याच्या दहा गोष्टी सांगतात, त्यात मी पडत नाही. माझ्यासाठी ती पहिलीच वेळ होती आणि मी पॅकिंग करत होते. गॅसची छोटी शेगडी, नॉनस्टिक तवा, मिक्सरच्या ऐवजी हाताने फिरवायचा चॉपर, सहा डबे मसाल्यांचे, फोल्डिंग टेबल, टेबलावर घालायला कापड. खरंच घेतलं होतं. आई बघत होत्या. म्हणाल्या, "गो, तीन दिसांक इतक्या कित्याक?" आणि स्वतःचं बोचकं माझ्यापुढे ठेवलं.

दोन टोप, एक पितळेचा कल्हई केलेला आणि एक जाड बुडाचा ॲल्युमिनियमचा. बिडाचा तवा. आदाळो, म्हणजे विळी, त्यालाच पुढे खवणी. नारळाच्या करवंटीची डवली, म्हणजे पळी. एक रोवळी. उकडे तांदूळ, कुळथाचं पीठ, मसाल्याची एक बरणी, आमसुलं, खडे मीठ, लसणीची माळ, दहा नारळ, भाजायला सुके बांगडे. दोन चटया, दोन गोधड्या, कंदील. बस्स. आणि हे सगळं एका हाऱ्यात आणि एका बोचक्यात.

माझं फोल्डिंग टेबल पहिल्याच संध्याकाळी वाळूत एका बाजूला बसलं, वरचा चहा सांडला आणि त्याचा उपयोग पुढे तीन दिवस शेजारच्यांच्या कोंबड्यांनी केला.

पहिल्या रात्री आईंनी कुळथाची पिठी केली. ती कशी केली ते मला नीट सांगायचंय कारण डोंबिवलीत मी पिठी करायचे आणि ती कधी जमायची नाही. तीन चिऱ्यांची चूल, वाळलेल्या झावळीची काडं आणि सोडणं. पितळेचा टोप ठेवला, तेल अगदी थोडं, त्यात दहा-बारा लसणी सालासकट ठेचून टाकल्या आणि त्या लाल होईपर्यंत दुसरं काहीच केलं नाही, मी मधे मिरची घालू का म्हटलं तर हात आडवा केला. मग दोन मिरच्या, हळद, पाणी, मीठ. पाणी उकळायला लागलं तेव्हा पिठाचा डबा उघडला आणि आधी वास घेतला. घरचे कुळीथ, भाजून, भरडून, साल पाखडून, पंधरा दिवसांपूर्वी दळून आणलेले. मग डाव्या हाताच्या चिमटीतून पीठ असं सोडत गेल्या की पाऊस भुरभुरतो ना तसं, आणि उजव्या हातात डवली फिरतेच आहे, फिरतेच आहे, एक गुठळी नाही. रंग आधी मातकट, मग एक कढ आला की चकाकी येते. शेवटी तीन आमसुलं टाकली, आच ओढली, झाकण. सोबत उकड्या तांदळाचा भात आणि निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा. मी म्हटलं वरून खोबरं घालू का थोडं. त्या म्हणाल्या, "पिठी खावक भूक लागता, खोबरा नाय."

मी तीन वाढप्या खाल्ल्या. पानात बघत होते आणि मोजत होते, कुळीथ, लसूण, मिरची, हळद, मीठ, आमसूल. सहा वस्तू आणि थोडं तेल. डोंबिवलीत मी पाकिटातलं पीठ आणायचे, ते कधी दळलेलं देव जाणे, त्याला वास नाही, म्हणून मग जिरं, हिंग, कढीपत्ता, गूळ, थोडा गरम मसाला, वरून कोथिंबीर, आणि तरी काहीतरी कमी आहे असं वाटायचं म्हणून अजून काहीतरी. पीठ जुनं होतं, एवढंच होतं ते. आणि तिथेच कंदिलाच्या उजेडात मला माझ्या भिंती आठवल्या. ओल्या भिंतीवर पुट्टी, पुट्टीवर टेक्स्चर, टेक्स्चरवर फ्रेमा, म्हणजे जुन्या पिठावर गरम मसालाच की तो.

आता आमसुलांचं सांगते कारण लोक सगळ्यात जास्त तिथे फसतात. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, एप्रिल-मे मध्ये पिकतात. फळ कापून गर आणि बिया वेगळ्या काढायच्या, त्याच्या रसात मीठ घालायचं आणि सालं त्यात बुडवून उन्हात वाळवायची, परत बुडवायची, परत वाळवायची, अशी पाच-सहा पुटं. मधेच वळवाचा पाऊस आला की सगळं मुसळ केरात. चांगलं आमसूल हाताला मऊ लागतं, काळपट जांभळं, पाण्यात टाकलं की रंग हळूहळू सुटतो आणि आंबटपणाच्या मागे एक फळाचा वास येतो. पुटं कमी दिलेली सालं कडक चामड्यासारखी, फक्त आंबट आणि खारट. चांगल्याची किंमत दुप्पट असते पण तीन घालावी लागतात तिथे सहा लागत नाहीत. सोलकढीत तर अजिबातच चालबाजी चालत नाही, नारळाचा पहिला रस, आगळ (रातांब्याचा खारवलेला रस), लसूण, मिरची, मीठ. नारळ जून नसेल तर रस पाणचट, आगळ रंग घातलेला असेल तर पहिल्या घोटाला कळतं. गुलाबी रंग फोटोत दोन्हींचा सारखाच दिसतो.

मिठाचंही तसंच, पण ते लिहायला बसले तर रात्र होईल. एवढंच की आमच्याकडे खडे मीठ शिरोड्याचं येतं, तेच शिरोडा जिथे १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला होता, आणि आई माश्याला तेच लावतात.

गावपळणीहून घरी आल्यावर मी किचन रिकामं करायला घेतलं. नॉनस्टिक तवे तीन होते, तिन्हींना ओरखडे. त्या लेपाचं एक गणित आहे, साधारण २६० अंशाच्या वर तो खराब व्हायला लागतो आणि रिकामा तवा मोठ्या आचेवर ठेवला तर तिथे पोचायला फार वेळ लागत नाही, आणि आम्ही तर घावण्यांना तवा कडकडीतच तापवतो. बिडाच्या तव्यावर लेप नाही, तेलच तापून तापून त्याला धरतं आणि त्याचा गुळगुळीत थर होतो. मी एकदा प्रेमाने तो साबण आणि तारेच्या घासणीने घासून लख्ख केला होता. पुढचे आठ दिवस घावणं नाही, तव्याला चिकटलेला लगदा खाल्ला सगळ्यांनी. आईंनी मग अर्धा कांदा विळीने कापून, काट्याला टोचून तेलात बुडवून रोज सकाळ-संध्याकाळ त्यावर फिरवला, मंद आचेवर, पंधरवडाभर. आता त्या तव्याला हात लावायचा मान मला पुन्हा मिळालाय, पण धुताना त्या लांबून बघतात.

पितळेच्या टोपाला वर्षाआड कल्हई लागते. कल्हई गेली आणि आत आंबट शिजवलं की कळकतं. मध्यंतरी कल्हईवालाच मिळेना, कणकवलीच्या बाजारातून एकाचा पत्ता काढला. तो खळ्यात बसला, भाता लावला, टोप तापवला, नवसागर भुरभुरला आणि कथलाची कांडी नुसती टेकवली की ती लोण्यासारखी पसरली, कापसाच्या बोळ्याने एक फिरकी, आत चांदी. कथील २३२ अंशालाच वितळतं, म्हणून रिकामा टोप चुलीवर विसरायचा नाही, नाहीतर कल्हई खाली जमा. माझी मुलगी शाळेतून आली ती दप्तर न काढता तिथेच बसून राहिली.

आमच्या दोन खोल्या आम्ही पर्यटकांना देतो, त्यामुळे सजावटीबद्दल मला सल्ले भरपूर मिळतात. एका ओळखीच्याने सांगितलं कोकणी फील द्या, बैलगाडीचं चाक आणा, काच ठेवून टेबल करा, भिंतीवर सुपं टांगा, समया ओळीने मांडा. मी एक सूप टांगलंसुद्धा. दुसऱ्या दिवशी आईंनी ते खिळ्यावरून काढलं, तांदूळ पाखडले आणि परत टांगलं. मग मला ते भिंतीवर आवडायला लागलं. चाक मात्र नको म्हटलं, आमच्याकडे बैलगाडी कधी नव्हतीच, आजोबांची होडी होती.

खोल्यांमध्ये आता फार काही नाही. चुन्याची भिंत, लाल कोबा, एक पलंग, आईनाच्या लाकडाचं एक बाक, खुंट्या, कोनाड्यात दिवा. पण गादी कापसाची, दरवर्षी पिंजून घेतलेली, आणि चादरी जाड सुती, त्यात मी पैशाकडे बघितलं नाही, कारण रिकाम्या खोलीत माणूस दुसरं काही बघत नाही, चादरच बघतो. रिकाम्या खोलीत कोळिष्टकही लगेच दिसतं. आधी वाटायचं कमी सामान म्हणजे कमी काम, पण कोबा रोज पुसावा लागतो, भिंतीवर एक डाग पडला की तोच दिसतो. एका पाहुणीने विचारलं अजून सामान यायचंय का. मी हो म्हटलं, वाद कशाला.

नवऱ्याशी माझं एका बाबतीत अजून जमत नाही. त्याला वाटतं साधं म्हणजे स्वस्त. किचनचे नवीन ओटे करायचे ठरले तेव्हा तो म्हणाला आता साधंच करायचंय ना, मग खर्च कमी. मी हिशोब दाखवला. ट्रॉल्या नाहीत, शटर नाहीत, वरची कपाटं नाहीत. कडाप्प्याचा जाड ओटा, खाली उघडे कप्पे म्हणजे वारा फिरेल, आणि एकच कपाट, तेही जुन्या फणसाच्या वाशांतून करून घ्यायचं. वस्तू तीनच, पण कारागीर चांगला लागतो आणि चांगला कारागीर रोजावर येतो, फुटावर नाही. उघड्या कप्प्यात सांधा वाकडा झाला तर झाकायला शटर नसतं. चांगलं करायचं तर पहिल्या किचनच्या निम्मे तरी पैसे जातीलच. तो म्हणतो निम्मेच ना. मी म्हणते पहिले वाया गेले ते धरून दीडपट.

मासळीचं लिहायचं राहिलंच. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत ट्रॉलर बंद असतात, तेव्हा बाहेरून बर्फातलं येतं ते आम्ही घेत नाही. सुकं खातो, नाहीतर शेवग्याची पानं, टाकळा, कुर्डू, फणसाच्या आठळ्या, पिठी. बाकी वर्षभर रापणीवर गेलं की ओढून काढलेलं जाळं वाळूवरच उलगडतात आणि बांगडे अजून उडत असतात. त्या बांगड्याला तिरफळ, मिरची, हळद, आमसूल एवढंच लागतं. ज्याला जास्त मसाला लागतो तो बांगडा कालचा असतो, हे मला रापणीवरच्या एका म्हातारीने सांगितलं आणि वर माझ्या पिशवीतलं मसाल्याचं पाकीट बघून हसली.

असो. कपाट आता मागीलदारी मांगराच्या बाजूला पडलंय. मी म्हटलं न्हाणीच्या चुलीत जाळू, तर आई म्हणाल्या त्याचा धूर नको, त्यातला तो गोंद जळून डोळे चुरचुरतात, आणि खरंच त्याचा वास वाईट येतो. भंगारवाला बिजागऱ्या घेऊन गेला, चाळीस रुपये दिले. बाकीच्यावर सध्या कोंबडी अंड्यावर बसलीये, तिला शटरचा रंग आवडलेला दिसतोय.

सुतार सोमवारी येतो म्हणालाय. कौलं चाळणारा उद्या येतो म्हणालाय, तिसऱ्यांदा म्हणतोय, आणि पश्चिमेकडे आज संध्याकाळपासूनच काळं भरून आलंय. वाशे खळ्यात उघड्यावर आहेत, त्यांच्यावर ताडपत्री टाकायला जाते.